उरलेला भार

कीलच्या बंदरावर डिसेंबरात चारलाच अंधार पडतो
आणि तळघरातल्या प्रयोगशाळेत
हाउके ब्रोडरसन धुळीची डबी उघडतो.
विकतची धूळ. ग्रॅमवर मिळते, पावतीसकट.
एकेक कण सात मायक्रॉनचा, गोल, पांढरा,
मोहरीचा खापरपणतू म्हणावा इतका बारीक.

"घरी बायको धूळ बाहेर काढते," तो म्हणतो,
"आणि इथे ती आत सोडायचा मला पगार मिळतो."
हा विनोद तो दर सोमवारी करतो.
दर सोमवारी मी हसते.

पंप घरघरतो. हवा जाते, आर्गॉन येतो, नावापुरताच.
खटका दाबला की काचेआड उजेड पसरतो,
करवंदाच्या रसात पाणी घातल्यासारखा.
हाउके डबीच्या दांडीला टिचकी मारतो
आणि धूळ पडू लागते.

पडता पडताच ते होतं.
इलेक्ट्रॉनच्या पायाला भिंगरी.
आयन त्र्याहत्तर हजार पटींनी जड,
बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघालेले.
मध्ये हा कण, कोरा, कुणाचाच नसलेला.
आधी कोण पोचणार हे विचारायलाच नको.
एक चिकटतो, मग शंभर,
मग पापणी लवायच्या आत हजारो,
आणि कण ऋण होतो.

ऋण.
शाळेत हा शब्द मला वजाबाकीचा वाटायचा,
काहीतरी हातचं गेल्याचा.
इथे कणाला उलट मिळतच गेलंय,
न मागता,
आणि तरी शब्द बरोबर आहे,
कारण घेणाऱ्यालाच ऋणी म्हणतात.

आता उशिरा आलेल्या इलेक्ट्रॉनना
आधी आलेले भाऊबंदच माघारी हाकलतात.
फार वेगात असलेला एखादाच घुसतो.
आयनांना मात्र कण स्वतःहून ओढून घेतो.
जितके ऋण येतात तितकेच धन येऊन ते फेडतात,
याला तोल म्हणायचं,
पण स्वस्थ बसणं नाही त्यात:
आत्ता दहा हजार,
आत्ता नऊ हजार नऊशे साठ,
आत्ता पुन्हा वर.

खालची तबकडीही ऋणच. ती कणांना वर रेटते,
पृथ्वी खाली ओढते,
आणि हिरव्या लेसरच्या पातीत
सगळी धूळ अधांतरी थांबते,
एकमेकींपासून अंतर राखून,
षटकोनात, पोळ्यासारखी.
कुणी सांगितलेलं नसतं.

विद्युतभाराला हाउके 'लाडुंग' म्हणतो.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला लाडूच आठवला.
नंतर कळलं, जहाजावरच्या मालालाही लाडुंगच म्हणतात.
मी म्हटलं, आमच्याकडेही तसंच,
वजन तोही भार, वीज तोही भार.
या कणाकडे बघ, म्हटलं,
भारानेच भार उचललाय.

त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, त्याचे वडील, मेल्फ,
बत्तीस वर्षं गोदीत गव्हाचा लाडुंग उतरवायचे.
गव्हाची धूळ कोटात, भुवयांत, कानांच्या वळणांत.
आई कोट उंबऱ्यावर झोडपायची, पण सगळी धूळ कधी निघालीच नाही.
ते गेल्यावर अकरा वर्षांनी
त्याने कपाटातल्या कोटावर सहज थाप मारली.
"निघाली?" मी विचारलं.
"थोडी," तो म्हणाला, आणि दाबमापकाकडे पाहू लागला.

साडेसहाला खटका बंद.
उजेड विझतो, पोळं कोसळतं.
इलेक्ट्रॉन भिंतींकडे पळतात, मागोमाग आयन,
आणि कण रिकामा व्हायला हवा.
तो होत नाही.
तीन हिवाळे आम्ही मोजतोय.
दोन-चार इलेक्ट्रॉन राहूनच जातात त्याच्यापाशी,
कधी दहा. शून्य फार क्वचित.
का, याचं गणित माझ्या वहीत अर्धं आहे.

हाउके स्पिरिटच्या फडक्याने तबकडी पुसतो,
कडेकडेने, हलक्या हाताने.
पुसून झाल्यावर फडकं झटकत नाही.
आतल्या बाजूला घडी घालतो,
आणखी एक,
आणि दिवा मालवायला मला सांगतो.